माझं खोटं ‘कळलं’

ज्या वहीत मी हे लिहिते आहे, तिची पहिली काही पानं माझी नाहीत. त्यांवर माझ्या भाचीच्या, मुक्ताच्या अक्षरात इंग्रजी आहे, आणि एका पानावर हृदयाचं चित्र आहे, निळ्या आणि तांबड्या पेनने रंगवलेलं, कोपऱ्यात कॉफीचा डाग. उरलेली वही कोरी होती म्हणून मस्कतहून कायमची परत येताना मी ती बॅगेत टाकली. कोरा कागद फेकून देववत नाही मला. हे कुणाला दाखवायचं नाही. पण अलीकडे माणसांची नावं आठवायला वेळ लागतो, काल शेजारणीच्या सुनेला मी दुसऱ्याच नावाने हाक मारली, म्हणून जे अजून लख्ख आठवतं ते उतरवून ठेवते.

लहानपणाबद्दल लिहायचं तर माझ्याकडे फार थोडं आहे. चौथी झाली. पाचवीची शाळा खाडीपलीकडे, आई अंथरुणाला खिळलेली आणि दोन वर्षांचा धाकटा भाऊ अरुण माझ्या कडेवर. तिथे शाळा संपली. त्यानंतर मी वयाने वाढले, लग्न झालं, मूल झालं नाही, हे गेले, आणि या सगळ्यात मी आतून काही मोठी झाले असं मला कधी वाटलं नाही. राहिलेलं मोठं होणं पंचावन्नाव्या वर्षी झालं, त्याच अरुणच्या घरात, मस्कतजवळच्या अमेरातला. म्हणून लहानपणच्या आठवणी लिहायला बसले की मला अमेरातच आठवतं.

अरुण मस्कतच्या गाला भागातल्या एका कंपनीत इंजिनिअर होता. मी एकटी पडले तेव्हा तो म्हणाला, “ताई, इकडेच ये. मला कडेवर घेऊन फिरलीस, आता मी तुला गाडीतून फिरवतो.” कागदपत्रं त्याने केली, मी फक्त सह्या केल्या. अमेरातचं ते घर तळमजल्याचं होतं. चारी बाजूंना डोंगर, पण आपल्यासारखे नव्हेत. त्यांच्यावर गवताची काडी नाही, भाजलेल्या विटेसारखा रंग, आणि संध्याकाळी ते थोडा वेळ अगदी मऊ दिसायचे. पहिले दोन महिने मला झोप लागायची नाही ती शांततेमुळे नव्हे, एसीच्या आवाजामुळे. मग त्याची इतकी सवय झाली की वीज गेली तर दचकून जाग यायची. सकाळी पाण्याचा टँकर यायचा. त्याची मोटर घरघरायला लागली की गच्चीवरच्या टाकीत पाणी पडतंय हे स्वयंपाकघरात बसून कळायचं. माझी जागा तिथेच होती, ओट्याजवळच्या लाकडी स्टुलावर.

स्टुलावरून उठून बाहेर जायची वेळ आली की मी घाबरायचे. भाषा येत नव्हती हे खरं, पण आपल्या गावातही मी काही बोलकी नव्हते. मला एक सवय होती. कुणी काही विचारलं की मान डोलवायची. हो म्हटलं की समोरचा माणूस पुढे जातो, आपल्याकडे बघत राहत नाही. गुरुजी वर्गात विचारायचे, “कळलं का रे?” आणि आम्ही सगळी एका सुरात “हो गुरुजी” म्हणायचो, तेव्हापासूनची ती सवय. कोपऱ्यावरच्या मल्याळी दुकानदाराने एकदा हिंदीत विचारलं, हे हवं का, ते हवं का, आणि मी प्रत्येकाला मान डोलवली. कांदे आणायला गेलेली मी सहा डबे चीज आणि एक भलामोठा फणस घेऊन आले. अरुण पोट धरून हसला. “ताई, उद्या त्याने दुकान विकायचंय म्हणून सांगितलं तर तेही घेऊन येशील!” त्याची बायको स्मिताही हसली. मी पण हसले, आणि आत जाऊन फणस चिरायला घेतला.

मुक्ता त्यांची एकुलती एक, तिथल्याच एका मेडिकल कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. उंच, हडकुळी, एका जागी म्हणून बसणार नाही अशी. दुपारी चारच्या सुमारास कॉलेजची बस तिला सोडायची आणि ती बूटसुद्धा न काढता ओट्याशी यायची. “आत्या, काय आहे?” तिच्यासाठी मी घावणे करायचे, कधी कुळथाचं पिठलं, शुक्रवारी सुरमई. कोकमं गावाहून आणलेली, ती मी मोजूनमापून वापरायची. मुक्ता उभ्याने खायची, खाताना बोलायची, बोलताना फिरायची. स्मिता तिथल्या इंडियन शाळेत शिक्षिका होती आणि तिला हे अजिबात चालायचं नाही. “बडबड करून अभ्यास होत नसतो, मुक्ता. खोलीत बस, दार लाव, आणि लिहून काढ. मी चाळीस मुलांना अशीच पास करते.” मग मुक्ता खोलीत जायची, दार लागायचं, आणि घरात फक्त एसीचा आवाज उरायचा. तासाभराने मी चहा घेऊन गेले तर वहीत सुंदर अक्षरात पानंच्या पानं लिहिलेली असायची, आणि मुक्ताचे डोळे खिडकीबाहेरच्या डोंगरावर.

ते वर्ष तिचं दुसऱ्यांदा चाललं होतं. आदल्या साली ती नापास झाली होती. एकच वर्ष दोनदा गेलं की ते कॉलेज नाव काढून टाकत असे. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. अरुण ऑफिसातून आला की आधी मुक्ताच्या दाराकडे बघायचा, मग चपला काढायचा.

तिच्याबरोबर मरियम नावाची एक मैत्रीण यायची, निजवाकडची, ओमानी. डोक्यावरचा काळा स्कार्फ, हातात रंगीत पेनांचा मोठा डबा. ती पुस्तक वाचायची आणि त्याचं चित्र करायची. रक्त तांबडं, नसा पिवळ्या, औषधं हिरवी. तिला हिंदी समजायचं, घरात तिची आजी हिंदी सिनेमे बघायची म्हणून. मला ती खाला, म्हणजे मावशी म्हणायची. एके दिवशी दोघी कॉलेजातून एक कागद घेऊन आल्या. त्यावर प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरं दिली की म्हणे कळतं, तुम्ही कसे शिकता; बघून, ऐकून, वाचून की हाताने करून. मुक्ता म्हणाली, “आत्या, तुझा पण भरू या.”

“माझं काय शिकायचं राहिलंय आता?”

“सांग ना. समजा, तुला नवीन पदार्थ शिकायचा आहे. तू पुस्तक वाचशील, कुणी केलेला बघशील, का कुणी सांगेल तसा ऐकशील?”

“मी करून बघेन आणि बिघडला की मग कळेल,” मी म्हटलं. मरियम टाळ्या वाजवून हसली. “खाला के लिए तो कागज़ पे अलग कॉलम चाहिए!” मुक्ताचं उत्तर आलं, ती ऐकून आणि बोलून शिकते. तिने तो कागद रात्रीच्या जेवणाला स्मितासमोर ठेवला. स्मिताने चष्मा लावून तो सगळा वाचला आणि घडी घालून परत दिला. “परीक्षेत बोलून दाखवायचं असतं का लिहून?” मुक्ता म्हणाली, “दोन्ही असतं, आई.” पण हळू म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिने मला शिकवायला सुरुवात केली. स्मिता शाळेनंतर शिकवण्या घ्यायची, सहाशिवाय यायची नाही. चार ते सहा स्वयंपाकघर आमचं. मी भाजी निवडायची, मुक्ता फ्रिजपासून दारापर्यंत येरझाऱ्या घालायची आणि बोलायची. तिचं मराठी अडखळतं होतं, शाळेत सगळं इंग्रजीच. आणि मला इंग्रजी नाही. त्यामुळे तिला प्रत्येक शब्द उकलून सांगावा लागायचा. हृदयातल्या झडपांना ती दारं म्हणायची, आणि नेमकं काय होतं ते दाखवायला स्वयंपाकघराचं दार उघडून लावून दाखवायची. तिचा चेहरा किती वेगळा व्हायचा त्या वेळी! खोलीतली मुक्ता आणि ही मुक्ता एक वाटायच्या नाहीत. मधूनच थांबून ती विचारायची, “कळलं?”

मी म्हणायचे, “कळलं.”

ते खोटं होतं. नेहमी नाही, पण बऱ्याचदा. मला वाटायचं, पोरीचा वेग मोडू नये. आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडत होतं. इतक्या वर्षांत मला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं. काय आण, काय कर, एवढंच सांगितलं होतं. ही मला हृदय सांगत होती. मी नाही म्हटलं आणि तिला वाटलं की आत्याच्या डोक्यात काही शिरत नाही, तर ती पुन्हा खोलीत जाऊन दार लावेल, ही भीती मला होती.

त्यातला एक दिवस मला डोळ्यांसमोर दिसतो. मी गवार मोडत होते. मुक्ता सांगत होती, हृदयाची डावी बाजू सगळ्या अंगाला रक्त पाठवते, आणि उजवी फुफ्फुसांना. “म्हणून डावी बाजू थकली की अंगाला सूज येते, पायाला वगैरे. उजवी थकली की फुफ्फुसात पाणी, म्हणजे दम लागतो. सिंपल. कळलं?” माझा हात थांबला. त्याच आठवड्यात आमचं सिंक तुंबलं होतं. खाली पाइपात भाताचा गोळा अडकला होता, आणि पाणी सिंकमध्ये वर चढलं होतं. बाहेरच्या नळीत थेंब नव्हता. मला वाटलं, डावी बाजू रक्त पुढे ढकलत नसेल तर पुढे कमी जाईल, तिथे सूज कशी येईल? साठेल ते मागे. मुक्ता माझ्याकडे बघत होती. आपण कोण, ही डॉक्टर होणारी. मी म्हटलं, “कळलं,” आणि गवारीची शीर ओढून काढली.

पंधरा दिवसांनी तिची तोंडी परीक्षा झाली आणि तिला नेमकं हेच विचारलं. तिने ठासून उलटं सांगितलं. सरांनी विचारलं, का? तिला का ते सांगता येईना. ती त्या परीक्षेत नापास झाली. शेवटची मोठी परीक्षा दोन महिन्यांवर होती, आणि ती गेली की सगळंच गेलं.

स्मिता त्या संध्याकाळी फार बोलली. “स्वयंपाकघरात टवाळक्या करून डॉक्टर होतात का? ताईंना काय कळतंय त्यातलं?” अरुण सोफ्यावर हात डोक्यामागे घेऊन बसला होता. तो म्हणाला, “जाऊ दे स्मिता. नसेल जमत तर कॉमर्सला घालू. जग काही थांबत नाही.” तो चिडून बोलला असता तर बरं झालं असतं. आणि मग मुक्ता रडत जे बोलली ते मी आतून, पोळी लाटताना ऐकलं. “मला येत होतं, आई! मी आत्याला समजावलं होतं. तिला कळलं होतं. चौथी शिकलेल्या आत्याला कळलं, म्हणजे मला येतच होतं ना?”

तव्यावरची पोळी करपली. मी ती काढली नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. दुपारी स्मिता आणि अरुण सामान आणायला गेले, तेव्हा मी मुक्ताच्या दाराशी गेले. त्या दारावर टकटक करायलाही मला धीर लागला. मी उभ्या उभ्या सांगितलं. “मुक्ता, मला कळलं नव्हतं. मी उगाच म्हणत होते. त्या दिवशी तर मला वाटलं होतं की हे उलटं आहे. सिंकसारखं. पण मी बोलले नाही.”

तिला आधी समजेचना. मग ती म्हणाली, “तुला वाटलं होतं? आणि तू मला कळलं म्हणालीस?”

“हो.”

“मी तुझ्यावर चेक करत होते, आत्या. तू हो म्हणालीस की मी पुढे जात होते. रोज!” तिने दार लावलं. आपटलं नाही, लावलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही आणि तिने घावणे घेतले नाहीत. मी करत राहिले आणि स्मिता ते शाळेत डब्यात नेत राहिली. माझ्या मनात येत होतं, अरुणला सांगावं, मला परत पाठव. माझ्या मान डोलवण्याने आजवर फणस घरात आला होता. आता पोरीचं कॉलेज जायची वेळ आली होती.

तिसऱ्या दिवशी मरियम आली, आजोबांच्या बागेतला खजूर घेऊन. मुक्ताने तिला सगळं सांगितलं असणार, कारण ती थेट माझ्याकडे आली आणि माझा हात धरून मला स्टुलावर बसवलं. कहव्याचा, म्हणजे त्यांच्या बिनदुधाच्या कॉफीचा थर्मास तिनेच आणला होता. आम्ही तिघी खजूर खात होतो, बिया ताटलीत टाकत होतो. मग मरियमने एक रिकामी स्टीलची वाटी माझ्यासमोर ठेवली आणि ताटलीतल्या बिया माझ्या ओंजळीत दिल्या. “खाला, आप बोलो मत. समझा नहीं, तो एक इसमें डालो. खलास.” मग मुक्ताकडे वळून, “यल्ला, डॉक्टर. शुरू.”

मुक्ता भिंतीला टेकून उभी होती. मग माझ्याकडे न बघता सुरू झाली, “हृदयाला दोन बाजू असतात…” डावी बाजू थकली की काय होतं इथपर्यंत ती आली, पुस्तकात बघून या वेळी तिने बरोबर सांगितलं, फुफ्फुसात पाणी. बरोबर आहे हे मला दिसत होतं, पण का ते तिने सांगितलं नव्हतं. मी एक बी वाटीत टाकली. टण्ण वाजली. तिघीही त्या आवाजाने दचकलो.

“काय नाही कळलं?” मुक्ताचा आवाज अजून कोरडा होता.

“डाव्या बाजूच्या मागे काय आहे?” मी विचारलं. “आमच्या सिंकच्या मागे नळ होता.”

ती थांबली. तोंडातल्या तोंडात पुटपुटत हवेत बोट फिरवू लागली. मरियमने कागद ओढला आणि भराभर चित्र काढलं. तिच्या गावात शेताला पाणी द्यायचे दगडी पाट असतात, डोंगरातून येणारे, ते तिने काढले, आणि एका पाटात तिने चिंधीचा बोळा काढला. “मेरा दादा ऐसे बंद करता है. पानी पीछे आता है.” मुक्ताने तिच्या हातातून पेन घेतलं. “डाव्या बाजूच्या मागे फुफ्फुसं आहेत,” ती म्हणाली, हळूहळू, स्वतःशीच. “रक्त फुफ्फुसांतून डावीकडे येतं. डावी पुढे ढकलत नाही, तर ते मागे साठतं. फुफ्फुसात. आणि उजवीच्या मागे सगळं अंग आहे. म्हणून पाय सुजतात.” मग ती एकदम मोठ्याने म्हणाली, “आत्या! मला हे कधीच कळलं नव्हतं. मी नुसतं पाठ केलं होतं!” मरियमच्या पेनांनी तिने माझ्या समोरच वहीत हृदयाचं चित्र काढलं. कॉफीचा डाग तेव्हाचाच.

दोन महिने ती वाटी वाजत राहिली. कधी दुपारभर वाजायची. मुक्ता वैतागायची, “आता काय झालं? हे तर सोपं आहे!” आणि सोपं म्हणत सांगायला गेली की मध्येच अडकायची आणि पुस्तकाकडे धावायची. मला बोलायची गरज नव्हती, म्हणून मला धीर होता. एकदा स्मिता लवकर आली. खांद्याला पर्स, हातात तपासायच्या वह्या, ती दारातच उभी राहून ऐकत होती. मुक्ता मूत्रपिंड सांगत होती. मी बी टाकायला हात उचलला, तेवढ्यात स्मितानेच विचारलं, “पण मग मीठ कुठे जातं?” मुक्ताने घाबरून पुस्तक मिटलं. स्मिताने वह्या ओट्यावर ठेवल्या, माझ्या ओंजळीतली एक बी उचलली आणि वाटीत टाकली. “सांग की. मलाही नाही कळलं.” त्या दिवशी चहा तिने केला.

मुक्ता पास झाली. पहिली वगैरे नाही, मधल्या कुठल्यातरी नंबराने. चित्रं काढणारी मरियम तिच्या बरीच पुढे होती, आणि वर्गातला एक मुलगा नुसतं वाचून दोघींच्या पुढे. कोण कसं शिकतं सांगणाऱ्या त्या कागदाबद्दल त्यांचे सरच नंतर म्हणाले म्हणे की त्यावरून मार्क ठरत नसतात, आपल्याला काय येत नाही हे ज्याला लवकर कळतं तो पुढे जातो. निकालाच्या दिवशी अरुणने दारात चपला काढायच्या आधीच मुक्ताला उचललं. मी आत जाऊन घावण्याचं पीठ भिजवलं, आणि वाटी घासून पालथी घातली.

मुक्ता आता पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिच्या पेशंटांना ती म्हणते, आता तुम्ही मला सांगा, मी काय सांगितलं ते. तिने फोनवर हे सांगितलं तेव्हा मी नुसतं हं म्हटलं.

मागच्या आठवड्यात मी इथल्या दवाखान्यात गेले होते. पाय सुजतायत. डॉक्टर तरुण, घाईत, बाहेर बाकावर दहा-बारा माणसं. त्यांनी कागदावर गोळ्या लिहिल्या, कुठली कधी, पाणी किती प्यायचं, काय खायचं नाही, सगळं एका दमात सांगितलं आणि पेन खिशाला लावत म्हणाले, “कळलं ना आजी?” माझी मान खाली जायला लागलीच होती, तिला पन्नास-साठ वर्षांची सवय. तिथे वाटी नव्हती, मरियम नव्हती. मी मान थांबवली.

“नाही कळलं,” मी म्हटलं. “आणि पाय सुजलेत म्हणजे माझी उजवी बाजू थकली का?”

बाकावर कुणीतरी कंटाळून सुस्कारा सोडला. डॉक्टरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, खिशातून पेन परत काढलं, आणि खुर्ची माझ्या बाजूला ओढून घेतली.